वाचकांचे प्रश्न : नकाशातील न छापायच्या रेषा

प्रश्न : आमच्या ३० फूट बाय ५० फुटांच्या प्लॉटवर दुमजली घर बांधायचे ठरले आहे. नगर निगमाच्या मंजुरीचा नकाशा आमच्या वास्तुविशारदांनी केला असून आतली मांडणी, विशेषतः स्वयंपाकघर आणि जिना, मी स्वतः ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आखत आहे, कारण लग्नापूर्वी मी ड्राफ्टिंगचा अभ्यासक्रम केला होता. प्लॉटच्या कडेपासून सोडायची जागा, ओट्याची कड, फ्रिजची जागा, खिडक्यांची उंची अशा आधाराच्या रेषा मी फिक्या राखाडी रंगात काढल्या होत्या. त्या छापल्या गेल्याच तर अंधुक येतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पीडीएफमध्ये त्या भिंतींइतक्याच काळ्या आल्या, आणि मिस्त्रींनी ओट्याच्या कडेची रेषा भिंतीची समजून तिच्यासाठीही फक्की टाकली. खोदाई सुरू होण्याआधी लक्षात आले म्हणून निभावले. या रेषा पडद्यावर राहाव्यात पण कागदावर येऊ नयेत, यासाठी काय करावे? आणि मुळात अशा किती रेषा ठेवाव्यात?
– एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आपल्या रेषा काळ्या आल्या याला बहुधा छपाईच्या वेळी निवडलेली प्लॉट स्टाइल, म्हणजे कोणती रेषा कागदावर कशी छापायची हे ठरवणारी मांडणी, कारणीभूत असावी. ऑटोकॅडबरोबर येणारी ‘मोनोक्रोम’ ही प्लॉट स्टाइल १ ते २५५ क्रमांकांच्या सर्व रंगांना कागदावर काळेच करते. मग पडद्यावर रेषा आठव्या क्रमांकाच्या राखाडी रंगात असो की पिवळ्या. बांधकामाचे नकाशे काळ्या रेषांतच छापण्याची पद्धत असल्यामुळे ही स्टाइल सर्रास वापरली जाते, आणि म्हणूनच रेषा छापायची की नाही हा निर्णय रंगावर सोपवू नये. काही जण अशा रेषा छापण्याआधी एकेक करून पुसून टाकतात. तेही करू नये, कारण आठ दिवसांनी ओटा सहा इंच सरकवायचे ठरले की सगळी आखणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

हा निर्णय लेयरवर सोपवावा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे नकाशाचे थर. ‘लेयर प्रॉपर्टीज मॅनेजर’ उघडला की प्रत्येक लेयरच्या ओळीत ‘प्लॉट’ (येथे अर्थ छपाई) नावाच्या रकान्यात प्रिंटरचे छोटे चिन्ह दिसते. त्यावर क्लिक केले की त्या लेयरची छपाई बंद होते. त्यावरील रेषा पडद्यावर पूर्वीसारख्याच दिसतात, त्यांना स्नॅप करता येते, म्हणजे नवी रेषा नेमकी त्यांच्यावर टेकवता येते, त्यांच्यापासून माप घेता येते. कागदावर किंवा पीडीएफमध्ये मात्र त्या येत नाहीत. लेयर ‘ऑफ’ किंवा ‘फ्रीझ’ करणे हा निराळा प्रकार आहे, कारण त्यात रेषा पडद्यावरूनही जाते आणि काम करताना तिचा उपयोग राहत नाही. शिवाय ऑफ केलेल्या लेयरमध्ये एक धोका असतो, तो असा की ‘ऑल’ म्हणून सगळे निवडले तर न दिसणाऱ्या त्या रेषाही निवडल्या जातात आणि पुसण्याची आज्ञा दिली तर नकळत पुसल्याही जातात. फ्रीझ केलेला किंवा लॉक केलेला लेयर यातून सुटतो. म्हणून आधाराच्या रेषा काढून झाल्या की छपाई बंद असलेला तो लेयर लॉकही करून ठेवावा. लॉक असला तरी स्नॅप होतो, आणि माउसच्या एका चुकीच्या ओढीने रेषा जागची हलत नाही.

गवंडी भिंतीचा थर रचताना दोन टोकांना दोरी ताणतो आणि थर पुरा झाला की ती वर सरकवतो. आधाराच्या रेषेचे काम त्या दोरीचे आहे, आणि किती रेषा ठेवाव्यात याचे माझे उत्तरही त्यातूनच निघते. जिच्यावर एकाहून अधिक गोष्टी अवलंबून आहेत ती रेषा राखावी. एकदा माप घेऊन काम संपले ती लगेच पुसावी. सगळ्या रेषा एकाच लेयरवर टाकल्या तर महिन्याभराने कोणती कशासाठी होती हे काढणाऱ्यालाही आठवत नाही. ‘संदर्भ-प्लॉट’, ‘संदर्भ-ओटा’, ‘संदर्भ-उंची’ अशी एकाच शब्दाने सुरू होणारी नावे दिली तर यादीत ते लेयर शेजारी-शेजारी राहतात, आणि हवा तेवढाच दिसू देता येतो.

प्लॉटच्या रेषांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाकीचे सगळे त्यांच्यावर उभे असते. आपल्याकडे ज्याला सगळे एमओएस म्हणतात, ती प्लॉटच्या कडेपासून मोकळी सोडायची जागा मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ यांनुसार ठरते आणि आपल्या मंजूर नकाशात ती आकड्यांत दिलेली असते. तेच आकडे घ्यावेत, शेजारच्या घरावरून अंदाज बांधू नये. मात्र ही रेषा काढण्याआधी प्लॉट खरोखर काटकोनात आहे का हे पाहावे. ३० बाय ५० फुटांच्या चौकोनाचा कर्ण ५८ फूट पावणेचार इंच यायला हवा. जागेवर टेप धरून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले नाहीत तर कागदोपत्री चौकोन असलेला प्लॉट प्रत्यक्षात तिरका आहे, आणि जुन्या वसाहतींत हे अजिबात दुर्मीळ नाही. अशा वेळी ‘ऑर्थो’ (रेषा फक्त आडवी किंवा उभी ओढू देणारी सोय) चालू ठेवून सरळ रेषा ओढणे चुकीचे ठरते. चार बाजू आणि एक कर्ण यांच्या मापांवरून प्लॉटची खरी आकृती काढावी, तिच्या प्रत्येक बाजूला ‘ऑफसेट’, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेषा, देऊन मोकळ्या जागेची रेषा मिळवावी, आणि घराच्या भिंती मात्र एखाद्या एकाच बाजूला, शक्यतो रस्त्याच्या बाजूला, समांतर धरून काटकोनात बसवाव्यात. उरलेला तिरकेपणा मोकळ्या जागेत जिरतो, खोल्यांत येत नाही.

रेषा काढण्यासाठी साधी ‘लाइन’ वापरण्याऐवजी ‘एक्सलाइन’ वापरावी. ती दोन्ही दिशांना अमर्याद असते, आडवी, उभी किंवा ठरावीक कोनात टाकता येते, आणि पूर्ण चित्र पाहण्यासाठी ‘झूम एक्स्टेंट्स’ दिले तरी तिच्या लांबीमुळे घर ठिपक्याएवढे होत नाही. तिच्या अमर्याद असण्याचा आणखी एक फायदा आहे. स्वयंपाकघराच्या आराखड्याच्या बरोबर वर त्याच भिंतीचे उभे दृश्य काढायला घेतले, तर आराखड्यातील खिडकीच्या दोन्ही कडांवरून टाकलेल्या उभ्या एक्सलाइन थेट वरच्या चित्रात जातात आणि खिडकीची जागा पुन्हा मोजावी लागत नाही.

त्या उभ्या दृश्यात आडव्या रेषा मोजक्याच पण पक्क्या असाव्यात : तयार फरशीची पातळी, ओट्याचा माथा, ओट्यावरच्या खिडकीची खालची कड, वरच्या कपाटांचा तळ आणि लिंटेल, म्हणजे दार-खिडकीवरची आडवी तुळई. ओटा वापरणाऱ्याच्या उंचीप्रमाणे २ फूट ८ इंच ते २ फूट १० इंच ठेवतात आणि लिंटेल साधारणपणे ७ फुटांवर असते. लिंटेलची एकच रेषा सगळ्या भिंतींच्या दृश्यांतून आरपार गेली की दार, खिडकी आणि कपाट यांचे माथे आपोआप एका ओळीत येतात. ही रेषा नसेल तर प्रत्येक चित्रात इंच-दोन इंचांचा फरक पडतो आणि तो घर पूर्ण झाल्यावरच डोळ्यांना खटकतो. सगळी उंची तयार फरशीपासून मोजावी, कच्च्या काँक्रीटपासून नव्हे.

हेच भिंतीच्या बाबतीत. नकाशात नऊ इंची किंवा साडेचार इंची भिंत काढतो ती विटेची असते. आतल्या बाजूला अर्ध्या इंचाचे प्लास्टर आले की समोरासमोरच्या दोन भिंतींमधली जागा एका इंचाने कमी होते, आणि ओट्यावर टाइल्स लागल्या की आणखी. तयार मापाची कपाटे बसवणारा माणूस हाच इंच मोजत येतो. म्हणून ज्या भिंतींमध्ये फ्रिज किंवा कपाट अडकून बसणार आहे, त्यांच्या आतून प्लास्टर-टाइल्सनंतरच्या पृष्ठभागाची एक रेषा ‘संदर्भ-ओटा’ या लेयरवर जरूर काढावी आणि मांडणी त्या रेषेपासून करावी. मिस्त्रींना ती दिसण्याची गरज नाही, आपल्याला आहे.

जिन्यासाठी आधाराच्या रेषा सर्वांत अधिक उपयोगी पडतात. एका मजल्याच्या फरशीपासून दुसऱ्या मजल्याच्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच, असतील असे समजा. एवढ्या उंचीची उभी रेषा काढून ‘डिव्हाइड’ने तिचे १८ भाग केले की प्रत्येक पायरीची उंची ६ पूर्णांक दोन तृतीयांश इंच येते. पायरीची रुंदी १० इंच घेतली आणि मधल्या चौकात वळणारे दोन टप्पे केले, तर प्रत्येक टप्प्यात ९ चढ आणि ८ रुंद्या, म्हणजे ६ फूट ८ इंच लांबी लागते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत, तिच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार, राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलीमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलीमीटर सांगितली आहे; वरचा हिशेब दोन्हींत बसतो. आता डोक्यावरची मोकळी उंची. ती २.२ मीटर, म्हणजे सुमारे ७ फूट ३ इंच, ठेवायची असते आणि पायऱ्यांच्या कडांवरून सरळ उभी मोजायची असते. येथे अनेक जण पायऱ्यांच्या कडांना जोडणारी तिरकी रेषा ‘ऑफसेट’ करतात. ऑफसेट काटकोनात अंतर घेते, उभे घेत नाही. वरच्या जिन्याचा चढ सुमारे ३४ अंशांचा आहे. त्यावर ७ फूट ३ इंचांचा ऑफसेट दिला तर उभी उंची ८ फूट ८ इंचांच्या वर जाते आणि वरच्या स्लॅबमधील जिन्याची मोकळी जागा विनाकारण मोठी करावी लागते. त्याऐवजी ती तिरकी रेषा ‘कॉपी’ करून ७ फूट ३ इंच सरळ वर ठेवावी. त्या रेषेच्या खाली स्लॅबचा किंवा बीमचा कोणताही भाग येता कामा नये, एवढे पाहिले की पुरे.

एक प्रकारची रेषा मात्र या सगळ्यांतून वेगळी ठेवावी, ती म्हणजे कॉलमची सेंटर लाइन. ती आधाराची असली तरी जागेवर आखणी तिच्यावरूनच होते, त्यामुळे ती छापली गेलीच पाहिजे. पण फक्त कॉलमच्या आखणीच्या शीटवर. तिच्यासाठी छपाई चालू असलेला स्वतंत्र लेयर करावा आणि ज्या शीटवर ती नको असेल, त्या शीटच्या व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवर नकाशा दाखवणाऱ्या चौकटीत) तेवढाच लेयर फ्रीझ करावा. घरातील मांडणीच्या रेषा आणि सेंटर लाइन एकाच लेयरवर असल्या की जे आपल्याकडे झाले ते कधी ना कधी होतेच.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. छपाई बंद करण्याचा सारा उपयोग कागदापुरता आणि पीडीएफपुरता असतो. पडद्याचा फोटो काढून तो व्हॉट्सअॅपवर मिस्त्रींना धाडला, तर आपल्या सगळ्या रेषा त्यात स्वच्छ दिसणार. हल्ली घाईत सगळेच असे करतात. मूळ फाइल दिली तरी तेच. बांधकामाच्या जागी फक्त पीडीएफ किंवा छापील प्रत जाऊ द्यावी, आणि पाठवण्यापूर्वी ती स्वतः उघडून, शक्यतो ज्या आकारात छापायची त्याच आकारात, एकदा पाहावी.

प्रश्न : माझी अडचण उलटी आहे. घराच्या नकाशातील तीन दारे आणि एक खिडकी पडद्यावर व्यवस्थित दिसतात. पीडीएफमध्ये मात्र त्यांच्या जागी भिंतीतील रिकामी फट येते. प्रिंटर बदलून पाहिला, दुसऱ्या संगणकावरून छापून पाहिले, तरी तेच. फाइल खराब झाली असावी का?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : फाइल चांगली आहे. ती दारे बहुतेक ‘डेफपॉइंट्स’ नावाच्या लेयरवर गेली आहेत. नकाशात पहिले माप टाकले की ऑटोकॅड हा लेयर आपणहून तयार करते आणि मापांचे मूळ बिंदू त्यावर ठेवते. हा लेयर कधीच छापला जात नाही आणि त्याची छपाई चालूही करता येत नाही. दार काढताना चालू लेयर म्हणून चुकून हाच निवडलेला राहिला, तर पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही.

खात्री करायला दारावर क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये लेयरचे नाव पाहावे. डेफपॉइंट्स किंवा छपाई बंद असलेला दुसरा एखादा लेयर निघाला, तर तेथेच तो बदलून दारांचा योग्य लेयर द्यावा. ‘क्विक सिलेक्ट’ने लेयरच्या नावावरून निवड केली तर अशा इतर हरवलेल्या वस्तूही एकदम सापडतील. लेयर बदलूनही दार छापले जात नसेल तर ते ब्लॉक, म्हणजे अनेक रेषांची एकत्र बांधलेली वस्तू, आहे असे समजावे : ब्लॉक एका लेयरवर आणि त्याच्या आतल्या रेषा दुसऱ्या लेयरवर असू शकतात, आणि आतली रेषा आपल्या लेयरचेच ऐकते. तेव्हा ब्लॉक एडिटरमध्ये जाऊन आतल्या रेषांचा लेयर बदलावा लागेल. एकदा बदलला की त्या ब्लॉकची नकाशातील सगळी दारे सुधारतात.

जुने ड्राफ्ट्समन आधाराच्या रेषा मुद्दाम डेफपॉइंट्सवर टाकत आले आहेत, कारण वेगळे काही न करता त्या छापल्या जात नाहीत. ही सोय मला पटत नाही. नावावरून उद्देश कळत नाही, प्लॉटच्या आणि ओट्याच्या रेषा वेगळ्या करता येत नाहीत, आणि आपल्यासारखी दारे हरवण्याचे निम्मे कारण हेच असते की तो लेयर सतत वापरात असल्यामुळे चालू राहून जातो. स्वतःचा, स्वतः नाव दिलेला, छपाई बंद केलेला लेयर करायला अर्धा मिनिट लागतो. त्याला एखादा ठळक, भिंतींना कधीच न वापरलेला रंग द्यावा, म्हणजे चुकून त्यावर दार काढले तर पहिल्याच रेषेला कळेल.

प्रश्न : मी निवृत्त आहे. नोकरीत असताना ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढत असे. तेव्हा कठीण पेन्सिलीने हलक्या हाताने आधाराच्या रेषा काढून वर शाई चढवली की अमोनिया प्रिंटमध्ये त्या जवळजवळ दिसत नसत. आता नातवाच्या संगणकावर घराची दुरुस्ती आखायची आहे, पण महागडे सॉफ्टवेअर घेण्याची इच्छा नाही. फुकट मिळणाऱ्या साधनांत अशी सोय आहे का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आहे, आणि आपल्या हाताला सवयीची वाटेल अशी आहे. ‘लिब्रेकॅड’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर सपाट नकाशांसाठी पुरेसे आहे. त्यात लेयरच्या यादीत प्रत्येक नावापुढे दिसणे, लॉक करणे आणि छापणे यांच्या चिन्हांबरोबरच कन्स्ट्रक्शन लेयरचे एक चिन्ह असते. ते चालू केले की त्या लेयरवरील साध्या रेषाही दोन्ही बाजूंना अमर्याद होतात आणि छापल्या जात नाहीत. आपली चार-एच पेन्सिल जे करत असे ते सारे एका क्लिकमध्ये होते. फक्त फाइल दुसऱ्या कोणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार असेल तर तेथे ही खूण ओळखली जाईलच असे धरून चालू नये, आणि देण्यापूर्वी तो लेयर काढून टाकलेली वेगळी प्रत करावी.

दुरुस्ती त्रिमित स्वरूपात पाहायची असेल तर ‘स्केचअप’ची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती वापरता येते. त्यात ‘टेप मेजर’ घेऊन भिंतीच्या कडेवर मध्येच कोठे तरी क्लिक करावे, माउस बाजूला ओढून माप टाइप करावे आणि एंटर दाबावे. त्या अंतरावर कडेला समांतर तुटक रेषा येते. कडेच्या टोकावरून सुरुवात केली तर अमर्याद रेषेऐवजी तेवढ्याच लांबीची रेषा आणि तिच्या टोकाला एक बिंदू मिळतो, हा फरक सुरुवातीला गोंधळात टाकतो. तिरक्या छपरासाठी ‘प्रोट्रॅक्टर’ने ठरावीक कोनातील रेषा काढता येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की या तुटक रेषा लपवण्याचे काम आपल्यालाच करायचे असते. चित्र बाहेर काढण्यापूर्वी गाइड्स, म्हणजे याच तुटक रेषा, दाखवण्याचा पर्याय बंद करावा. ‘डिलीट गाइड्स’ हा पर्यायही जवळच असतो, पण तो सगळ्या रेषा एकदम पुसून टाकतो; दुरुस्ती पूर्ण होऊन मिस्त्री पैसे घेऊन जाईपर्यंत त्याला हात लावू नये.